फॉरमॅट झालेली हार्ड डिस्क टिकटिक करत असेल, तर आधी स्कॅन थांबवा

प्रश्न: माझी १ टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क चुकून क्विक फॉरमॅट झाली. लक्षात येईपर्यंत तिच्यावर काही नवीन फाइली कॉपी झाल्या होत्या. एक फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. फाइलींची नावं दिसतात, पण बरेच फोटो अर्धे करडे येतात आणि काही व्हिडिओ उघडतच नाहीत. स्कॅन मधेच अडकतो, तेव्हा डिस्कमधून टिकटिक ऐकू येते. मित्र म्हणतो चेकडिस्क चालव. काय करू?

उत्तर:

स्कॅन चालू असेल तर तो आत्ता थांबवा आणि डिस्क काढून ठेवा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा. डिस्क बंद आहे तोवर तिच्यावरचं आणखी काही बिघडणार नाही.

तुम्ही विचारलंय फॉरमॅटबद्दल, पण तुमच्या वर्णनात दोन वेगळे बिघाड आहेत. क्विक फॉरमॅट हा नोंदींचा बिघाड. फाइलींचा मजकूर डिस्कमधल्या फिरत्या तबकडीवर होता तिथेच असतो, फक्त कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारी यादी नव्याने सुरू होते. असा बिघाड थांबून राहतो. डिस्कवर नवीन काही लिहिलं नाही तर आज काढा की काही महिन्यांनी, हाती तेवढंच लागतं. टिकटिक हा यांत्रिक बिघाड. तो थांबत नाही, डिस्क फिरते तेवढा वेळ वाढत जातो. रिकव्हरी सॉफ्टवेअर पहिल्या बिघाडासाठी बनवलेलं असतं आणि डिस्क धडधाकट आहे असं धरून चालतं. वाचता न येणारा सेक्टर (तबकडीवरचा छोटासा कप्पा) आला की ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, विंडोज त्यात आपले प्रयत्न जोडतं, डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर, आतून आणखी करतं. तुमचा स्कॅन अडकतो तो यामुळे. दर वेळी पूर्ण स्कॅन नव्याने सुरू केला की मरायला टेकलेल्या डिस्कचा उरलेला वेळ नुसती नावं बघण्यात जातो आणि एकही फाइल सुरक्षित जागी पोचत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी संपूर्ण डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर प्रत, नंतर त्या प्रतीवर फॉरमॅटचा इलाज. या कामात मी दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा या क्रमाला जास्त किंमत देते. प्रत हातात असली की दहा सॉफ्टवेअर वापरून बघा, चुकीचे पर्याय निवडा, काही बिघडत नाही. मूळ डिस्कवर मात्र प्रत्येक प्रयोगाची किंमत मोजावी लागते.

प्रत घ्यायची की नाही, हे आवाजावरून ठरवा

डिस्क जोडल्यावर सुरुवातीपासूनच ठरावीक लयीत टक-टक-टक येत असेल, थोड्या वेळाने ती फिरायची थांबत असेल आणि संगणकाला दिसतच नसेल किंवा तिची क्षमता चुकीची दिसत असेल, तर हेडला, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाला, तिच्यावरच्या स्थानखुणा वाचता येत नाहीयेत. इथे घरी करण्यासारखं काही उरत नाही. पुन्हा वीज देऊ नका. बारीक गुणगुण किंवा बीप येत असेल आणि तबकडी फिरतच नसेल, तर हेड तबकडीला चिकटलेलं असतं किंवा मोटर अडकलेली असते. तेही प्रयोगशाळेचंच काम. अजिबात आवाज नाही, फिरणं नाही, आणि त्याआधी चुकीचा अडॅप्टर लावला गेला होता, असं असेल तर ती त्यातल्या त्यात बरी बातमी. बहुतेक सर्किट बोर्डांवर जास्त व्होल्टेज आल्यास स्वतः बळी जाणारा एक टीव्हीएस डायोड असतो, आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा माणूस तो तपासून काढू शकतो. मात्र दुसऱ्या डिस्कचा बोर्ड जसाच्या तसा लावून काम होईल ही आशा सोडा. आजच्या डिस्कमध्ये बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते. ती चिप नव्या बोर्डावर हलवावी लागते.

तुमची डिस्क ओळखली जाते, क्षमता बरोबर दिसते, नावंही वाचली जातात, आणि टिकटिक स्कॅन अडकतो तेव्हाच येते. म्हणजे हेड अजून चालताहेत, पण तबकडीचा काही भाग त्यांना नीट वाचता येत नाही. याची खात्री स्मार्ट नोंदींवरून, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदींवरून, करता येते. स्मार्टमोनटूल्स किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो यांपैकी काहीही वापरा. ही नोंद वाचायला काही सेकंद लागतात, त्याने डिस्कवर ताण येत नाही. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. या तिघांचे कच्चे आकडे शून्य असायला हवेत. १९९ (केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. ती बदलली की बऱ्याचदा काम भागतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे हेक्झाडेसिमलमध्ये दाखवतं, त्यामुळे सेटिंग बदलून दशमान करून घ्या. 'डिस्कची प्रकृती चांगली' अशा हिरव्या शेऱ्यावर मी कधीच विसंबत नाही. उत्पादकांनी ठरवलेल्या मर्यादा इतक्या सैल असतात की प्रतीक्षेतले शेकडो सेक्टर असलेली डिस्कही उत्तीर्ण होते.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. या डिस्कवर असं काही आहे का, जे जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि गेलं तर कायमचं दुःख होईल? असेल, तर पुढचं काही स्वतः करू नका, सरळ डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे जा. गेलं तर वाईट वाटेल पण चालून जाईल, असं असेल तर घरी प्रत घेणं योग्य आहे. या दोन्हींच्या मधलं काही नाही. 'आधी घरी बघतो, नाही जमलं तर लॅबला देतो' असं म्हणणाऱ्यांच्या डिस्क माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा हेड गेलेलं असतं आणि तबकडीवर ओरखडे उमटलेले असतात.

प्रत कशी घ्यावी

यासाठी मी ग्नू डीडीरेस्क्यू वापरायला सांगते. ते मोफत आहे, लिनक्सवर चालतं आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्समध्ये सहज मिळतं. डीडी_रेस्क्यू नावाचं दुसरं एक साधन आहे. ते वेगळं, त्यात गोंधळू नका. विंडोजमध्ये प्रत घ्यायला मी विरोध करते, कारण विंडोज डिस्क जोडल्याबरोबर तिच्याकडे स्वतःहून वळतं, तिच्यावर आपले फोल्डर तयार करतं, आणि बरोबर ओळखता आली नाही तर 'फॉरमॅट करू का' किंवा 'इनिशियलाइज करू का' असं विचारतं. दोन्हींना नाही म्हणायचं. लिनक्समध्येही डिस्क आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी उघडली जाणं, बंद करून घ्या.

डीडीरेस्क्यूचं वैशिष्ट्य असं की ते अडलेल्या जागी रेंगाळत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते भराभर उचलतं आणि अडचणीची जागा आली की उडी मारून पुढे जातं. मग सोडलेल्या तुकड्यांच्या कडा छाटत आत येतं, आणि शेवटी उरलेले सेक्टर एकेक करून खरवडतं. कुठे काय वाचलं, काय राहिलं, याचा नकाशा ते एका छोट्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मधेच वीज गेली किंवा डिस्क लटकली तरी काम होतं तिथून पुढे सुरू होतं. ही नकाशा-फाइल द्यायला विसरलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. पहिल्यांदा चालवताना खरवडण्याची फेरी बंद ठेवण्याचा पर्याय द्या. सोपा भाग संपूर्ण हाती आला की मगच ती सुरू करा, आणि पुन:प्रयत्न तीनपेक्षा जास्त देऊ नका.

दोन काळज्या घ्या. पहिली: मूळ डिस्क कुठली आणि नवी कुठली, हे मॉडेल आणि सिरियल नंबर बघून ठरवा, लिनक्सने दिलेल्या 'एसडीबी', 'एसडीसी' अशा नावांवर जाऊ नका. ती नावं प्रत्येक वेळी बदलू शकतात, आणि उलटी प्रत झाली तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा तुमच्या फोटोंवर लिहिला जाईल. दुसरी: इमेज फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत असलेली एकच मोठी फाइल, ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्यात ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

निरोगी १ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने वाचली तर साधारण पावणेतीन तासांत प्रत होते. तुमच्या डिस्कला एखादा दिवस किंवा जास्तही लागेल. ती सपाट पृष्ठभागावर ठेवा, हलवू नका, आणि हवा लागेल असं बघा. नकाशा मधूनमधून बघत राहा. न वाचलेल्या जागा इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर ते तबकडीवरचे डाग, आणि काम चालू ठेवायला हरकत नाही. पण ठरावीक अंतराने, अगदी एकसारखे पट्टे वाचायचे राहत असतील तर अनेक हेडपैकी एक हेड मेलेलं असतं. तिथे थांबा. ते हेड तसंच तबकडीवरून फिरत राहिलं तर जे पट्टे आत्ता वाचता येतात तेही जातील.

बाहेरची डिस्क खोक्यातून काढून थेट साटा केबलने (संगणकाच्या आतल्या डिस्क जोडायच्या केबलने) जोडता आली तर वाचन जास्त भरवशाचं होतं. मधली यूएसबी चिप खराब सेक्टरला नीट तोंड देत नाही. पण यात दोन अडचणी येतात. काही बाहेरच्या डिस्कमध्ये साटा जोडणी नसतेच, यूएसबीचं तोंड सर्किट बोर्डावरच असतं. आणि काही उत्पादकांच्या डिस्कमध्ये पासवर्ड ठेवलेला नसला तरी ती यूएसबी चिप सगळा मजकूर कूटबद्ध करून लिहिते. खोक्यातून काढल्यावर अशी डिस्क निव्वळ अर्थहीन बाइट दाखवते. कूटबद्ध नसूनही काढल्यावर पार्टिशन (डिस्कवरचा फाइलींचा विभाग) दिसेनासं झालं, तर खोक्याची चिप ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवत होती आणि डिस्क स्वतः ५१२ बाइटचे दाखवते, असं असण्याची शक्यता मोठी. घाबरू नका, मजकूर जागेवर असतो.

आता फॉरमॅट

प्रत झाली. इथून पुढे मूळ डिस्क कपाटात आणि सगळं काम इमेजवर. इमेज फक्त-वाचन पद्धतीने उघडा.

बाहेरच्या मोठ्या डिस्कवर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी ठेवण्याची पद्धत, बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद एमएफटी नावाच्या तक्त्यात असते, साधारणपणे १०२४ बाइटची. नाव, तारखा, आणि मजकूर कुठल्या क्लस्टरपासून (क्लस्टर म्हणजे सेक्टरांचा गट) कुठवर आहे ते सगळं तिच्यात. फाइल डिलीट केली की त्या नोंदीवरचं 'वापरात आहे' हे चिन्ह उतरतं आणि तिचे क्लस्टर मोकळे म्हणून दाखवले जातात, एवढंच. क्विक फॉरमॅटमध्ये नवा तक्ता सुरू होतो, पण सुरुवातीला तो अगदी लहान असतो. एनटीएफएसवर पुन्हा एनटीएफएस फॉरमॅट केलं असेल तर नवा तक्ता बहुतेकदा जुन्याच जागी बसतो, जुन्याच्या पहिल्या काही नोंदी झाकतो, आणि मागच्या हजारो नोंदी तशाच राहतात. तुम्हाला नावं आणि फोल्डर दिसतात ते यामुळेच. मात्र नंतर कॉपी केलेली प्रत्येक नवी फाइल दोन ठिकाणी नुकसान करते. एक जुनी नोंद पुसते, आणि तिचा मजकूर जिथे पडतो तिथला जुना मजकूर पुसते.

यावरून तुमच्या करड्या फोटोंचा उलगडा होतो. नोंद शाबूत आहे, नाव बरोबर, आकारही बरोबर, पण त्या क्लस्टरमध्ये आता दुसरं काहीतरी आहे किंवा ते सेक्टर वाचलेच गेले नाहीत. जेपीईजी वरून खाली उलगडत जातं. वाटेत अर्थ न लागणारा मजकूर आला की तिथून पुढचं चित्र करडं किंवा रंग विस्कटलेलं. म्हणूनच सॉफ्टवेअरने फाइलीपुढे लिहिलेल्या 'उत्तम' या शेऱ्याला फारसा अर्थ नाही. तो बहुतेक वेळा नोंदीवरून दिलेला असतो, आतल्या मजकुरावरून नाही.

करडेपणाचं कारण यांतलं कुठलं, हे कळणं फार मोलाचं आहे, कारण पुसलेलं कुणीच परत आणू शकत नाही, पण न वाचलेला सेक्टर प्रयोगशाळेत वाचला जाऊ शकतो. इथे डीडीरेस्क्यूची एक कमी वापरली जाणारी सोय कामी येते. प्रत पूर्ण झाल्यावर इमेजमधल्या न वाचलेल्या जागा एखाद्या ठरावीक शब्दाने भरून टाकण्याचा पर्याय त्यात आहे. तो शब्द भरा, मग फाइली बाहेर काढा आणि त्या सगळ्यांत तो शब्द शोधा. जिथे सापडेल त्या फाइली खराब सेक्टरमुळे अपुऱ्या आहेत. जिथे सापडणार नाही आणि तरी उघडत नाहीत, त्या पुसल्या गेल्या आहेत किंवा तुकड्यांत विखुरल्या आहेत. लॅबला जायचं की नाही हा निर्णय घ्यायला याहून चांगला पुरावा नाही.

फाइली काढायला फाइल सिस्टिम समजणारं साधन आधी वापरा: डीएमडीई, आर-स्टुडिओ किंवा यूएफएस एक्सप्लोरर. डीएमडीईच्या मोफत आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फाइलींपर्यंत काढता येतात, घरगुती कामाला तेवढं पुष्कळ होतं. टेस्टडिस्क हे मोफत साधन पार्टिशनच हरवलेलं असताना खूप चांगलं. पार्टिशनांची यादी असलेल्या जीपीटी तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी आणि एनटीएफएसच्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, त्यांच्या आधारे ते हरवलेलं पार्टिशन उभं करतं. तुमच्या बाबतीत पार्टिशन हरवलेलं नाही, त्यावर नवं फॉरमॅट बसलं आहे, म्हणून टेस्टडिस्कवर वेळ घालवू नका.

नोंद नाहीशी झालेल्या फाइलींसाठी दुसरा मार्ग: फाइलीच्या आतल्या खुणा शोधत सगळी डिस्क चाळणं. टेस्टडिस्कचंच भावंड फोटोरेक हे करतं. प्रत्येक जेपीईजी एफएफ-डी८-एफएफ या बाइटांनी सुरू होतं, पीडीएफच्या पहिल्या ओळीत 'पीडीएफ' लिहिलेलं असतं, वर्डची डीओसीएक्स फाइल मुळात झिप असल्याने 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. फोटोरेक अशी खूण सापडली की तिथून पुढचा मजकूर उचलतं. नावं, फोल्डर, मूळ तारखा काहीच मिळत नाही, पण कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख राहते, त्यावरून वर्षवार लावता येतात. या पद्धतीची मर्यादा तुकड्यांची आहे. फाइल डिस्कवर सलग नसेल तर पहिला तुकडा संपल्यावर पुढचा कुठे आहे हे कळायला मार्ग नसतो. मोठे व्हिडिओ इथेच मार खातात. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एमपी४ फाइलीत चित्रफितीची अनुक्रमणी शेवटी लिहिलेली असते. ती नसेल तर बाकीचं सगळं असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनुक्रमणी पुन्हा बांधणारी साधनं आहेत. तुमचे न उघडणारे व्हिडिओ टाकून देण्याआधी ती वापरून बघा.

चेकडिस्कबद्दल तुमच्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, फाइली वाचवणं नाही. न जुळणारी नोंद सापडली की ते ती छाटतं, किंवा मजकुराचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये निनावी टाकतं. तुमच्या बाबतीत फाइल सिस्टिम नुकतीच फॉरमॅट झालेली आणि त्याच्या दृष्टीने अगदी ठीक आहे, जुन्या फाइलींची त्याला खबरही नाही. आणि खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय दिला तर ते अख्खी डिस्क वाचून काढेल. त्या वाचनातून प्रत तर मिळणार नाहीच, उरलीसुरली ताकद मात्र जाईल.

एसएसडी असती तर

तर हे उत्तर फार लहान झालं असतं. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर ठेवणाऱ्या डिस्कवर, फाइल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला ट्रिम नावाची सूचना पाठवते, म्हणजे हे ब्लॉक आता नको आहेत. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. त्यानंतर ते ब्लॉक वाचायला गेलं तर बहुतेक एसएसडी शून्यं परत देतात, आत चिपमध्ये मजकूर अजून असला तरी. क्विक फॉरमॅटही पूर्ण पार्टिशनला ट्रिम पाठवतं. थोडी आशा असते ती ट्रिम पोचलीच नसेल तर: जुना यूएसबी खोका, किंवा ट्रिम आठवड्यातून एकदाच पाठवणारं लिनक्स.

फार जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की काही फिरत्या हार्ड डिस्कही ट्रिम मानतात. तबकडीवर एकमेकांवर चढलेले पट्टे लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर प्रकारच्या, अलीकडच्या बऱ्याच लहान बाहेरच्या डिस्क अशा असतात. अशी डिस्क फॉरमॅट झाली की स्कॅनमध्ये शून्यांशिवाय काही दिसत नाही, आणि ती शून्यं तबकडीच्या वेगापेक्षाही जलद वाचली जातात. प्रयोगशाळा फर्मवेअरच्या आत शिरून कधीकधी मजकूर काढू शकते. तुम्हाला अर्धे का होईना फोटो दिसताहेत, त्यावरून ट्रिम निदान सगळीकडे लागू झालेली नाही.

विंडोजचं बिटलॉकर कूटबंधन असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की शिवाय कुठलीही पद्धत चालत नाही. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते आधी बघा. आजकाल अनेक लॅपटॉपवर कूटबंधन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

ज्यांनी फक्त रिसायकल बिन रिकामं केलं आहे, त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगते, कारण ती न कळल्याने लोक आशा सोडतात. विंडोज व्हिस्टापासून बिनमध्ये गेलेल्या फाइलीचं नाव बदलतं: डॉलरचं चिन्ह, आर हे अक्षर आणि पुढे सहा अर्थहीन अक्षरं, शेवटचं एक्स्टेंशन तेवढं तसंच. मूळ नाव आणि जागा दुसऱ्या एका छोट्या फाइलीत असते, तिच्या नावात आरऐवजी आय आणि पुढची अक्षरं तीच. रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये मूळ नावाने शोधलं तर काही सापडत नाही. बिनच्या फोल्डरमध्ये या नावांनी शोधा. आणि फाइल सी ड्राइव्हवरची असेल तर त्याच ड्राइव्हवर सॉफ्टवेअर उतरवू नका, संगणक बंद करून डिस्क दुसरीकडे जोडा. ब्राउझर, अपडेट, पेजफाइल यांचं लिहिणं तुम्ही काहीही न करता चालूच असतं.

काय परत येत नाही

जिथे नवीन मजकूर लिहिला गेला, तिथला जुना गेला. एकदाच लिहिला तरी गेला. १९९६ मध्ये संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांनी ३५ वेळा पुसण्याची पद्धत सुचवली होती. ती त्या काळच्या डिस्कच्या लेखनपद्धतींसाठी होती, आजच्या डिस्कवर एकदा शून्यं लिहिलेली जागा कुठलीही प्रयोगशाळा वाचून देत नाही. तसं आश्वासन कुणी देत असेल तर तिथून निघा. तुमचं फॉरमॅट क्विक होतं हे तुमचं नशीब. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट साऱ्या पार्टिशनवर शून्यं लिहितं.

याउलट डिस्कचं शरीर किती मोडलंय यावरून आत काय उरलंय हे ठरत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळलेल्या कोलंबिया अंतराळयानाच्या अवशेषांत सुमारे ४०० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क सापडली होती. बाहेरून ती जळून काळी पडलेली. पण मजकूर असलेला तबकडीचा भाग शाबूत राहिला होता, आणि क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यातून झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची जवळजवळ सगळी माहिती काढली. त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गोष्टीचा मोठा हात होता: तो संगणक डॉसवर चालत होता आणि डॉसने मजकूर विखुरला नव्हता, एकाच बाजूला सलग लिहिला होता.

प्रयोगशाळेकडे जाणार असाल तर डिस्क उघडू नका, उघडू देऊ नका. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि साध्या धुळीचा कण त्याच्या हजारपट मोठा असतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय तर कधीच करू नका, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं. प्रयोगशाळेला विचारा: तुम्ही आधी प्रत घेता का? हेड बदलायची वेळ आली तर ते काम स्वच्छ हवेच्या कक्षात आणि तुमच्याच जागेत होतं, की डिस्क पुढे कुणाकडे पाठवता? पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी आणि काही नमुने दाखवता का? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा. आणि तुम्ही स्वतः आजवर काय काय केलं ते लपवू नका. किती स्कॅन चालवले, कुठल्या फाइली कॉपी झाल्या, टिकटिक कधी सुरू झाली, हे कळलं की त्यांचा वेळ आणि डिस्कचं आयुष्य दोन्ही वाचतं. डीडीरेस्क्यूची नकाशा-फाइल आणि अर्धवट इमेज असेल तर तीही द्या, म्हणजे वाचून झालेला भाग त्यांना पुन्हा वाचायला नको.

फाइली बाहेर आल्या की फोल्डर बघून समाधान मानू नका, त्या उघडून बघा. आकार बरोबर आणि आत नुसती शून्यं, अशा फाइली नेहमी निघतात. हजारो असतील तर फोटोंची लघुचित्रं तयार करून घ्या, करडे लगेच वेगळे दिसतात. मात्र काही वेळा लघुचित्र फाइलीच्या सुरुवातीला साठवलेलं असतं आणि मोठा फोटो खराब असूनही छान दिसतं, म्हणून महत्त्वाचे पूर्ण आकारात उघडा. इमेज आणि मूळ डिस्क दोन्ही इतक्यात पुसू नका. एखादा फोल्डर राहून गेल्याचं कुणाच्या तरी वाढदिवसाला किंवा कागदपत्रं शोधताना लक्षात येतं, आणि तेव्हा इमेज हाताशी असली तर ते पुन्हा अर्ध्या तासाचं काम असतं.